रिपोर्ट कुणाच्या हातात

आमच्या सरांना 'नॉर्मल' हा शब्द खपत नसे. रक्त असो, लघवी असो, सगळं व्यवस्थित निघालं तरी ते रिपोर्टखाली आपल्या तिरप्या अक्षरात लिहायचे, 'आज ठीक.' डॉक्टर लोक फोन करून वैतागायचे. आज ठीक म्हणजे काय? उद्याचं काय? सर शांतपणे सांगायचे, "उद्याचं रक्त माझ्याकडे आलेलं नाही," आणि फोन ठेवून द्यायचे. पाच मिनिटांनी पुन्हा फोन वाजायचा. तो मला घ्यावा लागायचा आणि "हो डॉक्टर, नॉर्मलच आहे" असं दबक्या आवाजात बोलावं लागायचं. सर मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणायचे, "ऐकू येतंय मला."

ब्याण्णवच्या सुमाराला मी त्यांच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले, आणि दोन हजार पाचला लॅब बंद झाली तेव्हा कुलूप लावायला मीच होते. आता त्यांच्याविषयी सांगायला बसलं की आधी माया वगैरे येत नाही, थकवा येतो. पायांतून वर चढणारा, ओळखीचा. तो जरा ओसरला की मग माणूस दिसायला लागतो.

लॅब पंचवटीत होती, पूजेच्या भांड्यांच्या दुकानामागच्या गल्लीत. दोन खोल्या. बाहेर पेशंटसाठी एक लांब लाकडी बाक, आत टेबल, मायक्रोस्कोप, रक्तातली साखर मोजायचं एक जुनं यंत्र आणि सर. तेव्हा ते पन्नाशीचे असतील. हाडकुळे, उंच, शर्टावर ॲसिडनं पडलेली बारीक भोकं. पंखा लावायचा नाही, कारण स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हलते. मे महिन्यातसुद्धा नाही. मी घामानं निथळत नळ्या धुवायचे आणि मनातल्या मनात रोज नोकरी सोडायचे.

माझं घर मखमलाबादच्या बाजूला. घरी भाजी आणि फुलांची शेती. पहाटे उठून तोडणीला हात लावायचा, मग आंघोळ करून सातची बस. सर मला पहिल्या दिवसापासून 'अहो' म्हणायचे. मला वाटलं, बाई माणूस म्हणून असेल. मग लक्षात आलं की ते सगळ्यांनाच अहो म्हणतात. तान्ह्या मुलालासुद्धा. चार महिन्यांचं मूल समोर आलं की आईला विचारायचे, "यांचं नाव काय? किती दिवस त्रास होतोय यांना?" आया पदर तोंडाला लावून हसायच्या. सर हसायचे नाहीत. त्यांच्या लेखी पेशंट तो होता, आणि पेशंटशी अरेतुरे करायचं नाही.

सरांचं नाव नाशकात ज्या तपासणीसाठी माहीत होतं, ती तपासणी बाकी कुणी फारशी करतच नसे. दुधातली साखर पोटाला पचते की नाही, ते बघायची. बाकीच्यांना ती परवडायची नाही, कारण एकेका पेशंटला दोन तास लागायचे. पेशंटनं उपाशीपोटी यायचं. एकदा रक्त घ्यायचं. मग दुधातल्या साखरेची पावडर तोलून पाण्यात विरघळवायची आणि तो मोठा ग्लास त्याला प्यायला लावायचा. मग दर अर्ध्या तासानं परत रक्त. साखर पचली तर रक्तातली साखर चढते. पचली नाही तर आकडे आडवेच चालत राहतात आणि पोटात गडबड सुरू होते. सर ते आकडे आलेखाच्या कागदावर मांडायचे. चढली तर टेकडी, नाहीतर सपाट रस्ता. 'सपाट' असंच म्हणायचे ते. "दहाच्या बाई सपाट निघाल्या."

त्या दोन तासांत पेशंटनं बाकावरून उठायचं नाही. फिरायचं नाही, तंबाखू नाही, बिडी नाही, पाणी नाही. सर दर दहा मिनिटांनी बाहेर यायचे, पेशंटच्या पोटाला स्टेथोस्कोप लावायचे आणि भर खोलीत, चारचौघांसमोर विचारायचे, "गुरगुरतंय का? वारा सरला का?" चांगल्या घरच्या बायका लाजून लाल व्हायच्या. मी म्हणायचे, "सर, जरा हळू विचारा ना." ते म्हणायचे, "हळू विचारलं तर उत्तरही हळू येतं. मग मी काय लिहू?"

एकदा रामकुंडावरचे एक पुरोहित आले. साठीचे, भारदस्त, कपाळाला गंध. आठवड्यातून तीन उपास करायचे आणि तिन्ही दिवस नुसत्या दुधावर राहायचे. तक्रार एकच, की उपासाच्या दिवशीच पोट फुगतं आणि यजमानासमोर बसवत नाही. त्यांची तपासणी सपाट निघाली. सरांनी आलेख दाखवला आणि म्हणाले, "उपासाचं दूध बंद."

"बंद?" गुरुजी म्हणाले. "मग उपासाला घ्यायचं काय?"

"शेंगदाणे घ्या. राजगिरा घ्या. वाटलं तर काहीच घेऊ नका, उपासच आहे."

"अहो डॉक्टर, चाळीस वर्षं मी हे करतोय."

"चाळीस वर्षं पोट फुगतंय," सर म्हणाले. "देवाला त्यात काही मिळालं असेल असं वाटत नाही."

गुरुजी मोठ्यांदा हसले. नंतर ते दर श्रावणात राजगिऱ्याचे लाडू पाठवायचे.

पण सगळे असे हसणारे नव्हते. पुढच्याच वर्षी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या, अंगावर शाळेचा गणवेश. वडिलांनी बाकावर बसायच्या आधीच सांगून टाकलं, "डॉक्टर, हिला काही झालेलं नाही. शाळेला जायच्या वेळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. नाटकं आहेत सगळी. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पाठवलं म्हणून आणलं."

"रविवारी दूध कधी घेता?" सरांनी मुलीला विचारलं.

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "रविवारी मी उशिरा उठते. तेव्हा चहा मिळतो."

तासाभरात ती पोर बाकावर वाकडी झाली. दोन्ही हातांनी पोट धरलं, ओठ पांढरे पडले, पण तोंडातून आवाज नाही. सवय असल्यासारखी. वडील वर्तमानपत्र वाचत होते. मी तिला मागच्या संडासापर्यंत धरून नेलं. शेवटचं रक्त तपासून झालं, रेघ साफ सपाट. सर आलेख घेऊन बाहेर आले आणि वडिलांसमोर उभे राहिले.

"यांची माफी मागा."

"कुणाची?"

"तुमच्या मुलीची. इतके दिवस त्या खरं बोलत होत्या."

बाकावर आणखी चार जण होते. गृहस्थांचा चेहरा तांबडा झाला. "रिपोर्ट द्या आणि काय फी होते ते सांगा," एवढंच ते म्हणाले. सर हलले नाहीत. रिपोर्टही सोडेनात. शेवटी तीच पोर म्हणाली, "असू दे काका, मला शाळेत जायचंय." तेव्हा सरांनी कागद दिला, वडिलांना नाही, तिला. ज्याच्या पोटाचा रिपोर्ट त्याच्या हातात, हा त्यांचा नियमच होता. लहान मूल असेल तर आईच्या हातात, आणि तेही आत बोलावून, पंधरा मिनिटं समजावून. बाप आला, काका आला, आजी आली तरी त्यांनी बाहेर थांबायचं. बाहेरच्यांची तोंडं मला सांभाळावी लागायची.

त्या गृहस्थांनी जाऊन तक्रार केली. फॅमिली डॉक्टरांनी आमच्याकडे पेशंट पाठवणं बंद केलं. मी चिडले होते. दुपारी सरांना म्हटलं, "रिपोर्ट देऊन मोकळं व्हायचं ना सर. माफी मागायला लावायची काय गरज होती?"

सर चहा घेत होते. कोरा. त्यांची चहापत्ती खिशातल्या पुडीत असायची. लग्नाला गेले तरी स्वयंपाक्याकडून उकळतं पाणी मागून घ्यायचे. मला तोवर ते डायबिटीसमुळे वाटायचं.

त्या दुपारी त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या म्हशी होत्या, पंचवटीतच घरोघर दूध घालायचे. रोज सकाळी सगळ्या भावंडांनी वडिलांसमोर उभं राहून पेलाभर दूध प्यायचं. सर प्यायचे आणि शाळेत पहिल्या तासाला कळा सुरू व्हायच्या. वर्गात एकदा तर फजितीच झाली. घरी सांगितलं की वडील मारायचे. म्हशीवाल्याच्या पोराला दूध बाधतं, हे लोकांना कळलं तर दूध कोण घेईल? आईला सांगितलं तर ती म्हणायची, हळूहळू पी. पुढं मेडिकलला गेल्यावर ही तपासणी शिकवली, तेव्हा वर्गातल्या मुलांनी एकमेकांवर करून पाहिली. सरांची रेघ सपाट निघाली. तो कागद घेऊन ते घरी गेले.

"वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं," सर म्हणाले. "त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. खालचा शिक्का बघितला. म्हणाले, शिक्का आहे म्हणजे खरं असेल. इतकी वर्षं मी तोंडानं सांगत होतो ते खोटं होतं. एका कागदानं ते खरं झालं."

मी म्हटलं, "चांगलंच झालं की मग."

"मला त्या दिवसापासून कागदाची भीती वाटते," ते म्हणाले. "जो कागद एका झटक्यात खरं करतो, तो खोटंही करेल." आणि उरलेला चहा मोरीत ओतून ते उठले.

मला ते तेव्हा फार कळलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच की पेशंट कमी झालेत.

लॅब पुढं बंद कशी झाली, यात सांगण्यासारखं फार नाही. मोठ्या लॅब आल्या, संगणकावर छापलेले रंगीत रिपोर्ट आले. मुंबईत म्हणे नुसत्या श्वासावर ही तपासणी व्हायला लागली. सर मुद्दाम जाऊन ते यंत्र बघून आले, स्वतः त्यात फुंकून आले. परत आल्यावर एवढे खूश होते की मला वाटलं, आपणही घेणार. "सुई नाही," ते सांगत राहिले. "पाच वेळा टोचायचं नाही. नुसती फुंकर मारायची! बघा ना." मग टेबलावरचा पसारा बघत म्हणाले, "आपलं काम संपलं म्हणायचं." त्यांना त्याचं दुःख झालं असेल तर मला दिसलं नाही. मीच उगाच धुतलेल्या नळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.

पण मला खरं सांगायचंय ते देवळ्याचं. ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

शहाण्णव साल. दसरा चार दिवसांवर आला होता. फुलांच्या शेतीवाल्यांच्या घरात दसऱ्याच्या आधी आठवडाभर कुणी झोपत नाही. मी रोज पहाटेपासून झेंडू तोडत होते, मग लॅब, मग घरी जाऊन पुन्हा तोडणी. हाताला झेंडूचा वास आणि काळसर डाग. त्या दिवशी मी नळी हातात धरून उभ्या उभ्या डुलकी घेतली होती.

सकाळी देवळ्याकडच्या एका गावातून सासू-सून आल्या. सुनेच्या मांडीवर चार महिन्यांचा मुलगा. पंधरवड्यापूर्वी त्याला जोराचे जुलाब झाले होते. ते थांबले, पण पातळ आंबूस शी होणं थांबत नव्हतं आणि मूल वाळत चाललं होतं. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी शी तपासायला पाठवलं होतं. एवढ्या लहान मुलाला साखर पाजून चारदा टोचत नाहीत. त्याची ताजी शी घ्यायची, निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळायची. न पचलेली साखर त्यात उतरलेली असेल तर निळा रंग बदलत बदलत विटेसारखा होतो. शी ताजीच लागते. म्हणून आई प्लॅस्टिकच्या तुकड्यावर मूल घेऊन बसायची आणि सगळी लॅब वाट बघायची. सर म्हणायचे, "घाई करू नका, त्यांना वेळ द्या."

नमुना मिळाला, तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. कुणाला तरी तातडीनं रक्त द्यायचं होतं, ते जुळवायला सरांना बोलावलं. जाताना ते म्हणाले, "तपासून ठेवा. रिपोर्ट मी आल्यावर. आईंना आत बोलावून." मी मान हलवली.

नळी विटेच्या रंगाची झाली. मी लिहिलं, शिक्का मारला. बारा वाजले, साडेबारा वाजले, सर येईनात. सासूबाई तीनदा दाराशी येऊन गेल्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, आमची एकची गाडी शे. कागद द्या ना."

मी बाहेर पाहिलं. सून बाकावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपली होती. मूलही झोपलं होतं. दोघांची तोंडं उघडी. मला वाटलं, किती दिवसांनी झोपली असेल बिचारी, कशाला उठवा. खरंच असं वाटलं. आणि हेही खरं की मला त्या सगळ्यांना एकदाचं मार्गी लावून पाच मिनिटं डोळे मिटायचे होते.

मी कागद सासूबाईंच्या हातात दिला.

"काय लिखेल शे?" त्यांनी विचारलं.

"बाळाला दुधातली साखर पचत नाहीये."

"म्हणजे आईचं दूध बाधतं त्याले?"

"हो, तसंच," मी म्हटलं. "डॉक्टरांना दाखवा हा कागद, ते सांगतील."

'तसंच' नव्हतं ते. मला माहीत होतं. जुलाबानं आतडं आतून सोललं जातं, काही दिवस साखर पचवायची ताकद जाते, मग परत येते. दूध वाईट नसतं आणि आईचं दूध तोडायचं तर मुळीच नसतं. सर हे प्रत्येक आईला पंधरा मिनिटं सांगायचे, माझं पाठ झालं होतं. पण ते पंधरा मिनिटांचं होतं, आणि 'तसंच' एका शब्दात उरकत होतं.

सर दोन वाजता आले. बाक रिकामा बघून त्यांनी विचारलं, "कुणाला दिला?"

"सासूबाईंना. त्यांची गाडी होती."

"काय विचारलं त्यांनी?"

मी सांगितलं.

"तुम्ही काय म्हणालात?"

तेही सांगितलं.  सरांनी बेसिनपाशी जाऊन हात धुतले. खूप वेळ धुतले. मग बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्या दोघी तिकडं गेल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी फोन. नाहीच. आमच्या वहीत फक्त गावाचं आणि बापाचं नाव. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या लॅब बंद आहे. मी देवळ्याला जातोय. तुम्ही येणार का?"

दसऱ्याच्या दिवशी फुलं विकायला हात कमी पडतात. वडील माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पण मी गेले.

सकाळच्या एसटीला पुढं झेंडूचे हार, काचेवर हळदीकुंकू. पिंपळगावला ड्रायव्हरनं गाडीची पुन्हा पूजा केली, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. सर मांडीवर पत्र्याचा डबा धरून बसले होते. त्यात नळ्या, निळं औषध, स्पिरिटचा दिवा. चांदवडच्या पुढचा घाट ओलांडेपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

देवळ्याहून जीपनं त्या गावात, मग विचारत विचारत घरापर्यंत. ओसरीवर खाटेवर मूल पडलं होतं. मी सरांच्या मागून पुढं झाले. मुलाचे डोळे आत गेले होते. रडत होतं, पण आवाज मांजराच्या पिल्लाएवढा.

सासूबाईंनी मला ओळखलं. "तुमच्या कागदावरच होतं ना ताई. तिचं दूध बाधतं म्हणून. आम्ही बंद करी टाकं. शेळीचं देतो."

"फरक पडला?" सरांनी विचारलं.

"नही. जास्तच झालं."

"यांची आई कुठंय?"

सून मागच्या न्हाणीतून आली. छातीवर लुगड्याचा पट्टा घट्ट बांधलेला. तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही, सरळ मुलाकडं बघत उभी राहिली, पण जवळ जाईना. चार दिवस तिला जवळ जाऊ दिलं नव्हतं. मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, दूध आहे अजून? ती म्हणाली, दुखायचं म्हणून न्हाणीत पिळून टाकते, सकाळ-संध्याकाळ. मी म्हटलं, एका वाटीत थोडं आणता? तिनं सासूकडं पाहिलं. सासू म्हणाली, "आण."

सरांनी ओसरीवरच दिवा पेटवला. चार नळ्या. चारीत निळं औषध. एकीत आईच्या दुधाचे थेंब, एकीत शेळीच्या, एकीत घरातल्या गाईच्या दुधाचे, चौथीत नुसतं पाणी. एकेक नळी चिमट्यात धरून ते ज्योतीवर हलवत होते. शेजारच्या बायका गोळा झाल्या. आईच्या दुधाची नळी हिरवी झाली, पिवळी झाली, मग विटेसारखी. कुणीतरी म्हणालं, "बघा, बाधतंच." सरांनी मान वर केली नाही. शेळीच्या दुधाची नळी धरली. तीही तशीच. गाईच्या दुधाचीही तशीच. पाणी तेवढं निळंच राहिलं.

"सगळ्या दुधात हीच साखर असते, आजी," सर म्हणाले. "यांच्या आईच्या दुधात काही दोष नाही. यांचं आतडं जुलाबानं सोललंय. गुडघा सोलवटला तर खपली धरायला वेळ लागतो ना, तसं. तोवर आईचंच दूध, थोडं थोडं. त्यानंच ते भरून येतं."

सासूबाई त्या नळ्यांकडं बघत राहिल्या. मग खाली बसल्या. "मी पाजलं तेबी असंच व्हतं?"

"असंच."

"मग माझी दोन कशानं गेली?" त्या म्हणाल्या. "अशीच गेली, पातळ शी होऊन. माझ्या सासूनं माझं दूध तोडलं होतं. तिसऱ्याला नाही तोडू दिलं मी, तो जगला." आणि मग स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारख्या त्या थांबल्या.

सर म्हणाले, "मला माहीत नाही, आजी. त्यांना कुणी तपासलं नाही." एवढंच. दुसरं काही म्हणता आलं असतं, ते म्हणाले नाहीत.

मग सगळं भराभर झालं. सर म्हणाले, मी औषध देणारा नाही, यांना आत्ताच्या आत्ता नाशिकला न्यायला हवं. मुलाचा बाप सोनं वाटायला गावात गेला होता, त्याला बोलावलं, शेजाऱ्याची जीप काढली. सुनेनं पट्टा सोडला आणि मूल उचललं. अख्ख्या रस्त्यात मुलानं ओढलं नाही, नुसतं तोंड लावून पडून होतं. पिंपळगाव मागं पडल्यावर एकदाचं ओढायला लागलं. तिच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. सासू पुढच्या सीटवर होती, तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते.

मूल सहा दिवस दवाखान्यात होतं. सलाईन लावावी लागली. पहिले दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. मी रोज लॅब सुटल्यावर जायचे, दाराशी उभी राहायचे आणि आत न जाता परत यायचे. सातव्या दिवशी सगळे घरी गेले.

दोन महिन्यांनी सरांनी मला एकटीलाच देवळ्याला पाठवलं. "जाऊन या," म्हणाले. "माझं तिथं काही राहिलेलं नाही. तुमचं असेल."

कांद्याची लागवड चालू होती. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधलेली, आत मुलगा. गालांवर मांस आलेलं, मुठी चोखत होता. सासूबाईंनी मला पाहून हाक मारली, बसायला पोतं टाकलं, चहा मागवला, कोरा चालेल का म्हणून विचारलं. आमचे डॉक्टर कोरा घेतात हे त्यांच्या लक्षात होतं. सून वाफ्यात वाकून रोपं लावत होती. मी तिच्यापाशी गेले. वाटेत दहा वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, "माझं चुकलं. माफ करा."

ती उभी राहिली. हात चिखलानं भरलेले. म्हणाली, "माले उठाडतात ना, ताई. मी तठेच बठेल व्हतू."

मला उठवायचं होतंत. मी तिथंच तर बसले होते.

तिच्या आवाजात राग नव्हता. मी काही बोलेन म्हणून ती जरा थांबली.  मग ती वाकली आणि पुढचं रोप लावायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. मुलाचं वजन, सासूबाईंचा चहा, आणि हेही. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या आता, मूल वाचलं ना. कुणीही तसंच म्हटलं असतं. माझी आई म्हणाली होती.

सरांनी ऐकून घेतलं. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले, आणि सकाळच्या नळ्यांची जाळी माझ्याकडं सरकवली.

मी त्यानंतर नऊ वर्षं तिथं राहिले. बाहेर दुप्पट पगाराच्या नोकऱ्या होत्या, मैत्रिणी हसायच्या, पंखा शेवटपर्यंत लागला नाही. का राहिलीस म्हणून कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. पण त्या सकाळी ते 'जाऊ द्या' म्हणाले असते ना, तर मी त्याच महिन्यात सोडून गेले असते.